आधी जेवण, मग पाहणी

विजेची बस आपल्या भागात चालत नाही, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की माझं डोकं फिरतं. मध्यंतरी गडचिरोलीत एका लग्नात हात धुवायच्या नळाशी उभी होते, तर एक गृहस्थ मोठ्या आवाजात सांगत होते की हे जंगलातले रस्ते, हे ऊन, हे नाले, इथं डिझेलशिवाय गत्यंतर नाही, विजेच्या गाड्या पुण्या-मुंबईचे चोचले. मी विचारलं, तुम्ही बसलात का कधी त्या बसमध्ये? नव्हते बसले. मी बसले आहे. माझी जाऊ बसली आहे. ती बस आमच्या रस्त्यावर चालत होती आणि चांगली चालत होती. तिला चालू दिलं नाही, ही गोष्ट वेगळी. ती लोकांना ठाऊक नसते, म्हणून सांगते.

मी आमच्या गावच्या शाळेत शिकवते आणि गावचीच सून आहे. गाव गडचिरोलीपासून लांब, डांबरी रस्ता जिथं दम टाकतो तिथं. पुढे जंगल आणि मागे धानाच्या बांध्या. रस्ताच संपतो म्हणून आमच्याकडे मुक्कामी गाडी असायची. म्हणजे दिवसाची शेवटची लाल बस संध्याकाळी यायची, रात्रभर गावात थांबायची आणि पहाटे उजाडायच्या आत परत निघायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर झोपायचे आमच्या चुलतसासऱ्यांच्या ओसरीत. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, आणि हे मामाजी तर अख्ख्या गावाचेच. जेवण मात्र घरोघरी पाळीनं. ज्या घरी पाळी, त्या घरी त्या दिवशी भाजीत तेल जरा जास्त पडायचं आणि घरची पोरं त्या पाहुण्यांच्या आधी ताटावर बसत नसत.

या पाळीला एक नियम होता. तो कुणी लिहिलेला नव्हता, पण मोडतही नव्हता. ज्याला जेवू घातलं त्याच्याजवळ गाऱ्हाणं करायचं नाही. आणि जो जेवला त्यानंही त्या घराला नावं ठेवायची नाहीत. जेवण दोन्हीकडचं तोंड बंद करतं. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला हे कुठून ठाऊक असणार? आमची पाळी होती. कंडक्टरला भात वाढता वाढता मी म्हणाले, काल फाट्यावर मी हात दाखवला तरी तुम्ही गाडी थांबवली नाही. बिचाऱ्याचा घास हातातच राहिला. सकाळी मामाजींनी मला बोलावलं आणि रागावून नाही, अगदी समजावून सांगितलं, "सूनबाई, जेवलेल्या मानसाले बोलाचं नसते. त्याच्या पोटात आपलं अन्न हाय. बोलाचं असन तं सकाळी गाडीपाशी जाऊन बोलाव." तेव्हा मला ते फार आवडलं होतं. माहेरी मी सगळ्यांचं उणं पटकन काढणारी म्हणून बदनाम होते, आणि इथं माणसाच्या घासाची एवढी कदर.

आता जाऊबाईंबद्दल. माझी थोरली जाऊ. मी नोकरीवर जायची तेव्हा माझी दोन्ही लेकरं तिनंच सांभाळली. तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा गडचिरोलीला डायलिसिस. मशीन कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे सकाळची पाळी ठरलेली. उशीर झाला की मशीनवर दुसरा बसतो आणि मग आपला नंबर लागेल तेव्हा लागेल, लागला तरी वेळ कापला जातो. पहाटेची मुक्कामी गाडी तिला बरोबर वेळेत पोचवायची. गाडी गावातूनच निघायची, त्यामुळे जागा मिळायची. दाराजवळची खिडकी तिची. डाव्या हाताला मशीनसाठी नस जोडलेली, तो हात ती मांडीवर लेकरासारखा घेऊन बसायची, कारण खड्ड्यात गाडी आपटली की हात कुठंतरी लागायचा. येताना डिझेलचा वास सहन होत नसे. डायलिसिस झालं की माणूस पिळून काढल्यासारखा होतो, त्यात तो धूर. ती पिशवीत एक जास्तीची प्लास्टिकची थैली ठेवायचीच.

तर अशातच बातमी आली की आपल्या मुक्कामी गाडीच्या जागी विजेची गाडी येणार. रात्री गावात उभी असताना ती भरून घेता यावी म्हणून गावातच चार्जिंगचं मशीन बसणार. शाळेच्या मागची जागा गावानं विनामूल्य दिली. ओटा बांधला, पांढरं मशीन उभं राहिलं. उद्घाटनाला बायांनी आंब्याचं तोरण बांधलं, हळदीकुंकू लावलं, मोठमोठी माणसं आली, नारळ फुटला, गाडीला नळी जोडली आणि दिवा हिरवा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात धूर यायला लागला. खिडकीतून बघते तर ओट्यामागे हिरवी जाळी ताणलेली आणि जाळीआड धडधडणारं डिझेलचं जनरेटर. विजेची गाडी डिझेलवर भरत होती! मला आधी हसू आलं. तिथल्या इंजिनिअरला विचारलं तर तो म्हणाला, तात्पुरतं आहे मॅडम, मशीनला मोठा दाब लागतो, गावासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर मंजूर आहे, तो लवकरच येतो आहे. मी विश्वास ठेवला. न ठेवण्यासारखं काय होतं? शेजारच्या चंद्रपुरात कोळसा जळतो, राख उडते, तिथली वीज कुठल्या कुठं जाते. आम्हाला एका बसपुरती मिळायला काय हरकत होती?

आणि गाडी खरंच चांगली होती हो. जाऊबाई पहिल्यांदा बसून आली त्या दिवशी मी गाडी थांबते तिथं घ्यायला गेले होते, नेहमीप्रमाणे तिला दोन्ही हातांनी धरून उतरवायची म्हणून. ती आपली आपण उतरली. म्हणाली, "पोटातलं पानी हाललं नाई व. मी झोपली होती." गाडीत झोपली होती! थैली कोरीच्या कोरी. त्या काही दिवसांत तिचा चेहरा उजळला होता हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून कुणी मला विजेच्या बसचे तोटे शिकवू नयेत.

ट्रान्सफॉर्मर आला. ट्रकवर लादलेला तो बघायला पोरं रस्त्यावर धावली. पण ट्रक गावात आलाच नाही. नाल्याच्या अलीकडे रस्त्याच्या वळणावर एक राईस मिल आहे, तिथं थांबला. मिलच्या कुंपणाला लागून दोन खांब उभे राहिले आणि आमचा ट्रान्सफॉर्मर त्यावर चढला. मिल कुणाची? ज्या कंत्राटदाराकडे चार्जिंगचं काम होतं, त्याच्या साळ्याची. मिलची हद्द कागदावर आमच्याच गावात येते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर गावासाठी मंजूर झाला आणि गावात बसला. झालं काम पूर्ण! तिथून शाळेपर्यंत तार ओढायची राहिली, ती अजून राहिलीच आहे. मिल मात्र दिवसरात्र जोरात सुरू झाली.

जनरेटर भाड्याचं होतं. मोठ्या लोकांचं येणं-जाणं थांबलं तसं ते उचलून नेलं. मग गाडी रात्री गावात थांबून काय करणार? दिवसाउजेडी एक फेरी यायची आणि भरायला परत गडचिरोलीला जायची. पहाटेची गाडी गेली. आम्ही आगारात गेलो, म्हणालो, विजेची नाही तर नाही, आमची जुनी लाल गाडी द्या. तिथला माणूस भला होता, पण हात वर करून म्हणाला की तुमचा रस्ता आता विजेच्या गाडीच्या खात्यात गेला, तुमची डिझेलची गाडी दुसरीकडे दिली, वर असं कसं दाखवणार की विजेची चालत नाही म्हणून डिझेलची सोडली? म्हणजे जे खरं आहे ते दाखवता येत नाही. जे दाखवलं आहे ते खरं करता येत नाही. आणि या दोघांच्या मधल्या फटीत आमचं अख्खं गाव पडलं.

मग काळीपिवळी जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही. पहाटे कोण भरणार? जाऊबाई अंधारात येऊन बसायची आणि ऊन वर येईपर्यंत बसूनच राहायची. ड्रायव्हर म्हणायचा, आणखी दोन सीट येऊ द्या बाई. दवाखान्यात पोचेपर्यंत तिची पाळी गेलेली असायची. कधी अर्धंच डायलिसिस, कधी दुसऱ्या दिवशी या. तिचे पाय सुजायला लागले. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. एकदा ती मला तो खड्डा दाखवत म्हणाली, हा बघ आपल्या रस्त्यावरचा. तिला अशी थट्टा सुचायची. मला हसू यायचं नाही.

आता त्या पाहणीचं सांगते. वरून माणसं येणार होती, काम नीट झालं का ते बघायला. त्यांच्या शेऱ्यावर कंत्राटदाराचं पुढचं सगळं अवलंबून, कारण असल्याच मशिनी त्याला आणखी गावांत बसवायच्या होत्या. आम्ही ठरवलं होतं की सगळं सांगायचं. जनरेटर, मिल, पहाटेची गाडी, सगळं. मामाजींनीच सांगायचं, कारण गावातर्फे तेच बोलतात. त्यांचीही त्याला हरकत नव्हती, उलट आदल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं की काय काय सांगायचं.

पाहुणे सकाळी यायचे ते दुपारी आले. जाऊबाईचा नेमका दवाखान्याचा दिवस, ती नव्हती. बरोबर कंत्राटदार होता. आणि इथंच माझ्या रागाचं मूळ आहे. हा माणूस कुठला परका असता तर मला एवढा राग आला नसता. चोर चोरी करणारच. पण हा इथलाच. याची मावशी आमच्या शेजारच्या गावात दिलेली. धान कापायला, मंडईच्या जत्रेला, लग्नाला लहानपणापासून येणारा. मुक्कामी गाडीनं येऊन, ड्रायव्हर-कंडक्टरबरोबर पाळीच्या घरी तो स्वतः आमच्या गावात जेवला आहे. त्यानं गाडीतून उतरल्या उतरल्या मामाजींचे पाय धरले आणि म्हणाला, "बाबाजी, सायब सकाळपासून उपाशी हायत. आधी दोन घास होऊन जाऊ द्या. मंग पाहनी आहेच ना."

मला तेव्हाच कळायला हवं होतं असं नाही, मला तेव्हाच कळलं. मी मामाजींना बाजूला घेऊन म्हणाले की आधी मशीन दाखवा, मग जेवण. ते म्हणाले, दारात उपाशी माणूस उभा आहे सूनबाई, आणि मी त्याला यंत्र दाखवू? त्यांच्या दृष्टीनं तो प्रश्नच नव्हता. कोंबडा कापला गेला, चुली पेटल्या, भात, वडे, वांग्याची भाजी. साहेब लोक पोटभर जेवले आणि खरंच चांगलं बोलले, असं जेवण शहरात मिळत नाही म्हणाले. मग हात धुतले, ओट्यापर्यंत चालत गेले, मशीनवर बोट फिरवून पाहिलं. मोठे साहेब मामाजींकडे वळले आणि विचारलं, काय बाबा, कसं आहे मशीन, गावाची काही तक्रार?

मामाजींचे ओठ हलले. त्यांनी एकदा साहेबाकडे पाहिलं, एकदा त्याच्या हातातल्या सुपारीकडे, जी त्यांनीच त्याला दिली होती. आणि म्हणाले, "बरं हाय जी. सगळं बरं हाय."

मी पुढे झाले. मी म्हणाले की साहेब, काहीही बरं नाही, यात वीजच नाही, मशीनची वीज त्या मिलमध्ये जाते आहे. कंत्राटदार हसला. म्हणाला, मॅडमच्या घरात आजारी माणूस आहे, त्या जरा त्रासलेल्या आहेत. साहेबांनी मान हलवली, सहानुभूतीनं. एक बाई एक बोलते आहे आणि गावाचा वडीलधारा दुसरं, तर त्यांनी काय धरलं असेल ते सांगायला नको. गाड्या गेल्या. मामाजी माझ्याकडे न बघता म्हणाले की जेवलेल्या माणसाला असं बोलायचं नसतं.

त्या दिवशी मला त्या नियमाचा पहिल्यांदा संताप आला. ड्रायव्हर-कंडक्टरसाठी केलेला नियम तो. दिवसभर धूळ खाऊन आलेल्या, बदलीच्या भीतीनं जगणाऱ्या साध्या माणसाला एक घास सुखानं मिळावा म्हणून केलेला. त्या चांगुलपणाला कुलूप समजून या कंत्राटदारानं आमच्याच दाराला लावलं आणि किल्ली खिशात घालून निघून गेला. पैसे खाणारे मी बरेच पाहिले आहेत. माणसांचा सज्जनपणा खाणारा इतक्या जवळून तेव्हाच पाहिला.

जाऊबाई संध्याकाळी आली, तिला सांगितलं.  पुढे आम्ही दोघी गडचिरोलीत कुठं कुठं गेलो. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर, गाव समाधानी आहे, पाहणी झालेली आहे. एकानं तर वर सल्ला दिला की अहो, तुमच्याकडे मागणीच नाही, ती बस रिकामी धावते. दुपारच्या फेरीला बस रिकामीच धावणार! माणसं पहाटे कामाला जातात. ज्या वेळी गाडी हवी त्या वेळी ती द्यायची नाही, नको त्या वेळी द्यायची आणि मग म्हणायचं लोक बसत नाहीत. पुढे तीही बंद झाली. आता आमच्याच गावातले लोक सांगतात की विजेची गाडी काही खरी नाही, आपलं डिझेलच बरं. ज्यांनी तोरण बांधलं होतं त्याच बाया सांगतात. उद्या कुणी प्रामाणिक माणूस चांगली गाडी घेऊन आला तरी हे गाव त्याला दारात उभं करणार नाही. ट्रान्सफॉर्मर एक वेळ परत मिळेल. लोकांचा विश्वास नेला तो कुणाकडे मागायचा?

पावसाळा लागला आणि नाल्याला पूर आला की जीपही बंद. एकदा डायलिसिसच्या लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या. जाऊबाईला श्वास घेता येईना. ट्रॅक्टरवर खाट टाकून तिला नेलं तेव्हा मी तिच्या उशाशी बसून त्या सगळ्यांना शिव्या घालत होते, मोठ्यानं, आणि ट्रॅक्टरवाला माझ्याकडे वळून वळून बघत होता. ती वाचली. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जगायचं असेल तर दवाखान्याजवळ राहा.

तेव्हा गडचिरोलीत दवाखान्याच्या मागच्या गल्लीत तिच्यासाठी एक खोली बघितली. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, शेतीसाठी गावातच राहणार, ती एकटी तिकडे. जिनं कधी माहेरीही चार दिवसांपेक्षा जास्त काढले नाहीत, ती. निघायच्या दिवशी मामाजींकडे तिचं जेवण होतं. गाव सोडून जाणाऱ्या सुनेला उपाशी पाठवत नाहीत. मामाजींच्या घरच्या मामींनी तिच्या पथ्याचं केलं होतं, भाजी उकळून पाणी फेकून दिलेली, मीठ नावापुरतं. ताट वाढलं. तिनं हात लावला नाही.

मामाजी म्हणाले, जेव बाई, जीप येईल.

ती म्हणाली, "जेवली तं मले तुमाले बोलता येनार नाई मामाजी. आधी बोलू द्या."

 मामाजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बोल."

"त्या मानसानं आपली वीज चोरली. तो चोर हाय, त्याले मी काय बोलू? तुमी चोर नाई. तुमी माह्या बापाच्या जागी हा. पन त्या दिवशी तुमाले सायबाच्या पोटातल्या अन्नाची लाज वाटली अन् माही नाई वाटली. मी बी याच गावाचं अन्न खाल्लं ना? मंग माह्यासाठी काऊन नाई बोलले?"

तिचा आवाज चढला नव्हता.  मामाजी म्हणाले, "चुकलं माहं." एवढंच. त्या माणसाला कुणापुढे असं म्हणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. जाऊबाईनं ताट पुढे ओढलं आणि सगळं जेवली, पानात शीत ठेवलं नाही. मामाजी मात्र जेवले नाहीत.

जीपमध्ये तिची पेटी, गादी आणि दोन भांडी चढवली. ती पुढे बघत बसली होती. मी रडत होते, रागानं, आणि तीच उलट माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, तो चांगला, उजवा हात.

दुसऱ्या दिवशी, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा, ती मशीनवर वेळेत पोचली. तेवढ्यासाठी तिला घर सोडावं लागलं होतं.